बाबाचा हुंकारा आणि वाफेच्या टाकीचा प्रोग्राम

या सदराची मी जुनी वाचक आहे. वाचते, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि मग आम्ही दोघं मिळून पोटभर हसतो — खरं ते सांगून टाकलं, राग मानू नका. पिंपळ, पांढरी साडी, मागून येणारी पावलं... मला यातलं काहीएक पटत नाही. आणि पटेल कसं? माझ्या बाबानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले अंगारे, ताईत, उतारे सगळं टोपल्यात भरून तलावात नेऊन टाकलं होतं. आमच्या गावात, एकोडीत, कोणाच्या अंगात आलं की बाबा म्हणायचा, आधी याले दवाखान्यात न्या, मंग नाचवा. अशा माणसाची मी पोरगी. त्यात डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आणि नोकरी मायक्रोप्रोसेसरची. एक तर शून्य, नाही तर एक... मधलं काही मला शिकवलेलंच नाही.

तरी लिहिते आहे. नवरा म्हणाला, "इतकी वर्षं लोकांना हसलीस, आता त्यांनाही एक संधी दे."

आणि हो — मी बाबाला 'तो' म्हणते म्हणून पत्र पाठवू नका. आमच्याकडे मायबापाला अरे-तुरेच करतात. त्यात अपमान नसतो. आणि बाप पोरीला लाडानं 'माय' म्हणतो.

साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी असेल. मी नागपुरात एका लहानशा कंपनीत होते. साहेब बोरकर, मी आणि सोल्डरिंग करणारी दोन पोरं, एवढीच कंपनी. आम्ही कारखान्यांसाठी कंट्रोलचे डबे बनवायचो. त्या वर्षी तुमसरकडच्या एका राईस मिलची ऑर्डर होती. तिथे उकड्या तांदळासाठी धान वाफवायची मोठी बंद टाकी होती. टाकी ठरलेल्या मर्यादेइतकी तापली की आमच्या डब्याने वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा, निवली की उघडायचा. काम एवढंच. पण टाकीच्या आजूबाजूला दिवसभर बायामाणसं वावरत असतात, तेव्हा एवढंच म्हणून सोडून देण्यासारखंही ते नव्हतं.

प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला होता. ती माणसाला वाचता येते — 'तापमान मर्यादेपेक्षा कमी असेल तर वाफ चालू ठेव', साधारण असं. पण डब्यातल्या चिपला ती भाषा कळत नाही. मध्ये कंपायलर नावाचा एक प्रोग्राम असतो. तो आपल्या एका ओळीच्या पाच-दहा बारीक ओळी करतो... हा आकडा उचल, तिथे ठेव, त्यातून हा वजा कर, इकडे उडी मार. त्या बारीक ओळी म्हणजे असेम्ब्ली. चिपमध्ये जातात त्या ह्याच. आमचा कंपायलर साहेबांनी कुठून तरी फ्लॉपीवर मिळवलेला, त्यामुळे त्यांचा नियम होता — त्याने काढलेली ओळ न् ओळ दोघांनी वाचायची, एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पेन्सिलने टिक मारायची, मगच चिप भरायची. मिलच्या प्रोग्रामचं हे वाचन आम्ही एकदा पूर्ण केलं होतं. सगळ्या ओळींवर माझ्याच हाताची टिक होती. पण हंगाम तोंडावर आला होता आणि साहेबांना एकदा वाचून चैन पडेना. "अजून एकदा बघ," म्हणाले.

आणि तेवढ्यात गावाहून निरोप आला — बाबाला साकोलीच्या दवाखान्यात ठेवलंय, लवकर ये.

मेंदूचा मलेरिया. जंगलपट्टीत राहणाऱ्यांना हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. मी पोचले तेव्हा ताप उतरला होता, पण बाबा शुद्धीवर नव्हता. डोळे मिटलेले, हाताला सलाईन, हाक मारली तर काही नाही, चिमटा काढला तर काही नाही. माय खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मला बघून रडलीसुद्धा नाही, इतकी ती थकली होती. डॉक्टर चांगले होते, तरुण होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "औषधाचं काम झालंय. आता ते स्वतःहून बाहेर यायला पाहिजेत. जितका उशीर होईल तितकं अवघड. त्यांच्याशी बोलत राहा, ओळखीचा आवाज कानावर पडू द्या."

बोलत राहा... काय बोलू? माय आधीच सगळं बोलून बसली होती. धान निसवलं, गाय व्यायली, शेजाऱ्याचं भांडण, सगळं सांगून झालं होतं. मी पहिला दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडचे शब्दच संपले. गप्प बसलं की त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू यायचा आणि मला ते सहन होत नव्हतं. शेवटी पिशवीतून, निघताना घाईत टाकलेली असेम्ब्लीच्या छापील कागदाची लांबलचक घडी काढली आणि म्हटलं, चला, आवाजच पाहिजे ना... आवाज तर आवाज. साहेबांचंही काम होईल.

आता 'मूव्ह ए कॉमा एम' असं बापाच्या कानाशी वाचायला मला कसंतरीच वाटलं. म्हणून मी त्याची गोष्ट केली. चिपमध्ये आकडे धरून ठेवायच्या जागांना ए, बी, एच, एल अशी नावं असतात, त्यांचीच माणसं केली.

"बाबा, एक होता ए. त्याच्या हातात एका वेळी एकच आकडा मावायचा. त्यानं काय केलं, टाकीजवळ गेला, तिथून एक आकडा उचलला. मंग तो आकडा ढिगावर ठेवला. मंग ढिगावरून तोच आकडा उचलला..."

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एक काका होते. ते म्हणाले, "मंग ठेवला कायले?"

"कंपायलरची खोडच असते काका तशी. ठेवतो अन् लगेच उचलतो."

"निरा याडं दिसते," काका म्हणाले. "अन् ह्या कहानीत राजा कवा येते?"

"राजा नाही येत."

"मंग कहानी कायची वं?" असं म्हणून त्यांनी कूस बदलली, पण ऐकत राहिले. मीही पुढे चालू राहिले. ए नं आकडा बी ला दिला. बी नं तो धरून ठेवला. किती ओळी झाल्या मला माहीत नाही, वाचता वाचता मी त्या तालातच गेले होते. इतक्यात मायनं माझं मनगट इतक्या जोरात पकडलं की कागद फाटला.

"थांब वं शालू! तुहा बा हूं म्हनला."

"काही काय माय..."

"मी आपल्या कानानं ऐकली! सांग, पुढं सांग."

मी पुढची ओळ घेतली. "मंग बाबा, एच आणि एल असे दोघं जोडीनं उभे होते, त्यांना सांगितलं की पुढच्या खोलीत जा."

"हूं."

बारीक होता, नाकातून आलेला. पण हुंकाराच होता. आमच्याकडे गोष्ट सांगताना समोरच्याने हुंकारा द्यायचा असतो, दिला नाही तर सांगणारा थांबतो. बाबा आम्हाला धान चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत खळ्यावर गोष्टी सांगायचा तेव्हा आम्ही पोरं असेच हूं हूं करायचो. मी पुढची ओळ सांगितली. "हूं." पुढची. "हूं." मला रडू फुटलं, नाक पुसत पुसत मी ए आणि बीची गोष्ट सांगत होते आणि काका ओरडत होते, "सिस्टर! अवो सिस्टर, बुवा बोलून राहिला!"

डॉक्टर धावत आले. डोळ्यांत टॉर्च मारली, तळव्याला पेन ओढून बघितलं. अजून पूर्ण शुद्ध नाही म्हणाले, पण चेहरा हसरा झाला होता. "काय वाचताय?" मी कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. "काही असू दे. हेच चालू ठेवा, बदलू नका," म्हणाले आणि ओपीडीत गेले.

मग काय विचारता! मी पान उलटत गेले आणि प्रत्येक ओळीला बाबाचा हूं येत गेला. माय हाताची बोटं त्याच्या केसांतून फिरवत होती. मला वाटलं, झालं... आता दुपारपर्यंत उठून बसतो हा.

आणि तो थांबला.

मी म्हणाले होते, "मंग ए नं टाकीच्या आकड्यातून मर्यादेचा आकडा वजा केला. अन् उत्तर उणं आलं, म्हणजे टाकी थंड आहे, तर 'वाफ चालू ठेव' तिकडे उडी मार."

काही नाही. मी वाट बघितली. पुन्हा तीच ओळ सांगितली. काही नाही. नाडी बघितली, चालू होती. श्वास तसाच होता. मी पाच-सहा ओळी मागे गेले आणि तिथून सुरू केलं — हूं, हूं, हूं... आणि त्या जागी आले की गप्प. ओळ गाळून पुढची सांगून बघितली. गप्प. मागचं पान काढलं. हूं. परत त्या ओळीवर आले. गप्प!

"माय, तू म्हण," मी म्हटलं. माझा आवाज थरथरत होता, मला वाटलं आवाजामुळे होत असेल. मायनं शब्दाला शब्द जोडून तीच ओळ म्हटली. उत्तर नाही. काकांनीसुद्धा म्हणून बघितली, मोठ्याने, बहिऱ्याला सांगावी तशी. उत्तर नाही.

मी घाबरले. इतक्या दूरवर तो आमच्याबरोबर आला होता आणि ह्या एका जागी येऊन अडला होता. डॉक्टरांचं 'जितका उशीर तितकं अवघड' डोक्यात घण घालत होतं. हा इथून पुढे आलाच नाही तर? मी कागद मांडीवर आपटला.

मायनं मात्र डोकं शांत ठेवलं होतं. म्हणाली, "तू चुकली असशीन."

"मी?"

"तुमी लहानपनी तीच कहानी त्याले परत सांगा अन् कुठं चुकले तं तुहा बा काय करे? रागवे का? चूप बसे. जवरी दुरुस्त नाई सांगे, तवरी हूं नाई दे. आठोते का नाई?"

आठवलं. खरंच आठवलं. धाकटा भाऊ रडायला यायचा तरी बाबा चुकीच्या ठिकाणी हूं द्यायचा नाही. पण मी भडकले. "अगं माय, ही काय राजा-राणीची गोष्ट आहे का? हे मशीननं लिहिलंय. मशीन चुकत नाही!"

"मशीन चुकत नाई, तं तू तपासाले आनलं कायले?"

मी नाक ओढलं, पेन्सिल काढली आणि ओळ बघायला लागले, मायचं समाधान व्हावं म्हणून. ओळ होती 'जेएम' — उत्तर उणं असेल तर उडी मार. बरोबरच होती. समासात आकडे मांडून बघितले. मर्यादेपेक्षा थोडं कमी तापमान, वाफ चालू. बरोबर. थोडं जास्त, वाफ बंद. बरोबर. आता उगाच म्हणून खूप मोठा आकडा घेतला, टाकी भडकल्यासारखा... वजा केला... आणि माझी पेन्सिल तिथेच राहिली.

जास्त खोलात शिरत नाही. त्या चिपमध्ये एका आकड्याला आठच घरं असतात, आणि उत्तर फार मोठं झालं की सगळ्यात पहिल्या घरात एक येतो. 'जेएम' तेवढंच घर बघतो आणि म्हणतो, उणं आहे. म्हणजे टाकी जरा जास्त तापली तर आमचा डबा शहाण्यासारखा वाफ बंद करणार. पण फारच तापली — जेव्हा बंद करायची खरी गरज असते तेव्हाच — त्याला वाटणार की टाकी थंडगार आहे. आणि तो व्हॉल्व्ह उघडणार. बाप रे! ह्या ओळीवर माझी टिक होती.

मी 'जेएम' खोडलं, 'जेसी' लिहिलं. तो पहिलं घर बघत नाही, वजा करताना हातचा घ्यावा लागला का तेवढंच बघतो. वाकून बाबाच्या कानाशी गेले.

"बाबा... चुकली होती मी. ऐक. ए नं वजाबाकी केली. अन् वजा करताना हातचा घ्यावा लागला, तरच टाकी थंड आहे. तरच वाफ चालू ठेव."

"हूं," बाबा म्हणाला.

मायनं पदर तोंडावर घेतला. काका म्हणाले, "जमलं बाप्पा!" मी हसत होते का रडत होते ते मलाच कळत नव्हतं.

पण माझ्यातली डिप्लोमावाली मेली नव्हती. पुढे अजून एका जागी तशीच तुलना होती. तिथेही कंपायलरने तीच चूक केली होती. मी मुद्दाम ती चुकीचीच वाचली, सरळ आवाजात, न अडखळता. तो गप्प. मी दुरुस्त करून वाचली. हूं. आता तुम्हीच सांगा... एबीसीडीतलं ए न ओळखणारा, बेशुद्ध पडलेला माणूस.

त्यानंतर मी परीक्षा घेतली नाही. एका दमात शेवटच्या पानापर्यंत आले. आता असले कंट्रोलचे प्रोग्राम संपत नाहीत. डबा चालू आहे तोवर तो तेच तेच करत राहतो. शेवटची ओळ असते सुरुवातीकडे उडी. मी म्हणाले, "अन् मंग बाबा, ए पुन्हा पहिल्या जागी गेला, अन् पुन्हा टाकीजवळचा आकडा उचलला..."

हूं आला नाही. मी दचकून मान वर केली.

बाबानं डोळे उघडले होते. अर्धवट, चिकटलेले, पण उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"पुन्ना तेच?" तो म्हणाला. "आता पुरे कर ना माय... पानी दे."

सगळा वॉर्ड हसला. सिस्टर हसत होती, काका खाटेवर हात आपटून हसत होते आणि माय चमच्याने त्याचे ओठ ओले करता करता त्यालाच शिव्या देत होती — "इतके दिवस जीव टांगून ठेवला अन् आता पानी मांगते!" मी भिंतीला टेकून खाली बसले. छातीवरची मोठी धोंड उतरल्यासारखं वाटलं, इतकं हलकं मला आयुष्यात परत कधी वाटलेलं नाही.

बाबा पूर्ण बरा झाला. त्याच हंगामात शेताच्या धुऱ्यावर उभा राहून धान कापणाऱ्यांवर ओरडत होता.

नागपूरला आल्यावर साहेबांना कागद दाखवला. त्यांना आधी पटेना. मग आम्ही जुना प्रोग्राम टेस्ट-किटवर चढवला. व्हॉल्व्हच्या जागी एक लाल दिवा लावला आणि तापमानाच्या जागी एक बटन, फिरवलं की आकडा वाढतो. साहेब बटन फिरवत गेले. मर्यादा आली, दिवा विझला. "बरोबर चालतंय," म्हणाले. अजून फिरवा म्हटलं. फिरवत गेले, फिरवत गेले... आणि दिवा लागला. साहेबांनी बटनावरचा हात असा काढला की जणू चटका बसला. नवीन प्रोग्राममध्ये दिवा शेवटपर्यंत विझलेलाच राहिला. तोच मिलला गेला, आणि मी तिथे होते तोवर त्या टाकीची एकही तक्रार आली नाही.

"कोणी पकडलं हे?" साहेबांनी विचारलं.

"बाबांनी."

"इंजिनियर आहेत?"

"नाही सर. धान लावतात."

साहेबांनी पुन्हा एकदा बटन फिरवून बघितलं. बाकीचं मी सांगितलं नाही.

पुष्कळ वर्षांनी हे मी माझ्या मानसशास्त्र शिकलेल्या भाचीला सांगितलं. ती म्हणाली, मावशी, तुझ्याच मनाने चूक आधी पकडली असेल, आवाजात फरक पडला असेल आणि आजोबांना तो जाणवला असेल. असेलही! पण मग मायच्या आवाजात? काकांच्या? आणि माझ्या मनाने पकडली होती तर माझ्या हाताने टिक कशी मारली? भाचीनं चहा टाकायला घेतला. शिक्षण चांगलं झालंय तिचं, तिचा दोष नाही.

आणि बाबा? तो तर माझ्यावर उखडायचाच. "झोप लागली असंन मले तिथं. तू सांगे बी तशीच." मी म्हणायची, प्रत्येक वेळी त्याच ओळीला झोप? "कोनाजवळ बोलू नको. लोकं मले देवबाबा बनवतीन, नारळ घेऊन येतीन घरी." म्हणून तो असेपर्यंत मी कुठे बोलले नाही. तो चांगला म्हातारा होऊन गेला, माझी पोरं खांद्यावर खेळवून गेला.

फक्त एकदा, असाच अंगणात बसलो होतो, तो आपणहून म्हणाला. "तवा काही ऐकू नाई ये मले. तुहा आवाज नाई, मायचा नाई. निरा अंधार. पन कोनी तरी वाट सांगून राहिलं, असं वाटे. इकडून जा, आता तिकडून जा. मी जाऊन राहिलो. एका जागी वाट चुकीची सांगितली, म्हनून मी उभा राहिलो."

मी विचारलं, "पण बाबा, अंधारात... ती चुकीची हे तुले कसं समजलं?"

"ते मले नाई मालूम, माय."

मलाही नाही मालूम. इतक्या वर्षांत सापडलेलं नाही आणि आता सापडेल असं वाटतही नाही. पण तो उभा राहिला. पुढे गेला नाही, मी दुरुस्त सांगेपर्यंत थांबला... आणि मग घरी आला.